काजूच्या भाटीचे सांडपाणी, बुरशी आणि वीज: घटात बुरशी नेमकी कुठे बसवायची?

काजूमळा

मार्च ते मे गोव्यात काजूच्या दारूच्या भाट्या पेटलेल्या असतात. हुर्राक (पहिल्या धारेची सौम्य दारू) आणि फेणी काढून झाल्यावर भाणात, म्हणजे उकळायच्या भांड्यात, जे तपकिरी, आंबट पाणी उरते ते बहुतेक ठिकाणी बागेतच ओततात. थोडे असेल तर जमीन पचवते. रोज एकाच जागी ओतले की मुळे जळतात आणि पहिल्याच पावसात ते ओहोळात उतरते.

या पाण्याचा पीएच ४ च्या आसपास असतो. त्यात टॅनिन आणि इतर पॉलिफेनॉल भरपूर, शिवाय मेलेले यीस्ट. साध्या सेप्टिक टाकीत टॅनिनमुळे जिवाणू दबतात. सूक्ष्मजीव इंधन घटात, म्हणजे मायक्रोबियल फ्युएल सेलमध्ये, बुरशी वापरून हे पाणी शुद्ध करता येते आणि वीजही मिळते असे वाचनात येते. जाणकारांनी सांगावे: बुरशी कोणती? ॲनोडवर की कॅथोडवर? आणि भाटीवरचा एखादा दिवा तरी त्यावर लागेल का?

रसायनी

चांगला प्रश्न. दुसऱ्या भागापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक झाली तर पुढचे सगळे वाया जाते.

ॲनोडच्या कप्प्यात हवा नको असते. तिथे सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खाऊन इलेक्ट्रॉन सोडतात. ऑक्सिजन आत आला की ते इलेक्ट्रॉन तारेत न जाता त्यालाच मिळतात. लाकूड कुजवणाऱ्या श्वेत-कुज बुरशी (ट्रॅमेटीस व्हर्सिकलर, फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम, आपली ढिंगरी म्हणजे प्ल्युरोटस) हवेशिवाय वाढत नाहीत. त्यांना ॲनोडमध्ये कोंडणे म्हणजे मारणे. हवेविना तग धरणारी बुरशी म्हणजे यीस्ट. १९११ मध्ये डरहॅमच्या एम. सी. पॉटर यांनी प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर यीस्ट आणि जिवाणूंकडून विद्युतदाब मिळवला होता, म्हणजे या विद्येची सुरुवातच बुरशीपासून झाली. पण यीस्टची इलेक्ट्रॉनची देवघेव पेशीच्या आत चालते आणि बाहेर जाड पेशीभित्तिका असते. जिओबॅक्टर किंवा शेवानेला हे जिवाणू बाहेरच्या पटलावरील सायटोक्रोम या प्रथिनांमधून इलेक्ट्रॉन थेट कार्बनला देतात. यीस्टला ते फारसे जमत नाही.

श्वेत-कुज बुरशीची खरी जागा कॅथोड. ती लॅकेज नावाचे विकर (एन्झाइम) बाहेर सोडते. त्यात तांब्याचे ४ अणू असतात आणि ते ४ इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनचे थेट पाणी करते. साध्या कार्बनवर ही क्रिया फार आळशी असते, म्हणून एरवी प्लॅटिनम लागते. ट्रॅमेटीसच्या लॅकेजमधील पहिल्या तांब्याचे विभव सुमारे ०.७८ व्होल्ट आहे (हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत), म्हणजे प्लॅटिनमचे काम बुरशी करू शकते. आणि या विकराला पीएच ४ ते ५ आवडतो. तुमचे पाणी नेमके तिथेच आहे.

तळवली

एक शब्दाची गोष्ट, नवीन वाचकांसाठी. शाळेत ॲनोड म्हणजे धनाग्र आणि कॅथोड म्हणजे ऋणाग्र शिकवतात. ते विद्युत अपघटनापुरते बरोबर. वीज देणाऱ्या घटात ॲनोड हा ऋण टोकाचा असतो. मीटरची काळी पिन ॲनोडला, लाल कॅथोडला. धाग्यात ॲनोड-कॅथोड हेच शब्द ठेवू या, नाहीतर गोंधळ होईल.

विद्युतमापी

दिव्याच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देतो.

१ ग्रॅम सीओडी (पाण्यातली घाण पूर्ण ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचे माप) पूर्ण ऑक्सिडाइज झाला तर सुमारे १२,०६० कूलोंब मिळतात, म्हणजे ३.३५ अँपिअर-तास. घट ०.३ व्होल्टवर चालला तर १ ग्रॅममागे साधारण १ वॅट-तास. ही झाली कमाल मर्यादा. सगळे इलेक्ट्रॉन तारेतून कधीच जात नाहीत.

आता एक लहान घट घ्या. १००० ओहमच्या रोधकावर २१० मिलिव्होल्ट, ही चांगल्या चाललेल्या घरगुती घटाची रास्त संख्या धरू. विद्युतधारा ०.२१ मिलिअँपिअर, शक्ती ४४ मायक्रोवॅट. इलेक्ट्रोड ५ × ५ सेंटिमीटर असेल तर एका बाजूच्या क्षेत्रफळावर १७.६ मिलिवॅट प्रति चौरस मीटर. १५ वॅट-तासांची फोनची बॅटरी यावर भरायला ३९ वर्षे लागतील.

दिवसाला १८ कूलोंब, दहा दिवसांत १८१. त्या दहा दिवसांत १ लिटरमधला सीओडी २ ग्रॅमने उतरला असेल, तर त्यातून २४,१२० कूलोंब यायला हवे होते. कूलोंबिक कार्यक्षमता, म्हणजे तारेतून गेलेल्या इलेक्ट्रॉनांचा वाटा, ०.७५ टक्के. उरलेले मिथेनमध्ये, पेशींच्या वाढीत आणि आत झिरपलेल्या हवेत गेले.

म्हणून दिव्याचा हिशेब सोडा. हवा मारण्याचा खर्च पाहा. नेहमीच्या सक्रिय गाळ पद्धतीत (टाकीत हवा मारून जिवाणूंकडून पाणी शुद्ध करण्याच्या) दर घनमीटर घरगुती सांडपाण्याला साधारण ०.३ ते ०.६ युनिट वीज जाते आणि तिचा मोठा वाटा ब्लोअर खातो. कॅथोडला हवा आपोआप मिळत असेल तर ती वाचते. मिळकत तिथे आहे.

काजूमळा

हिशेब पटला. दिव्याचा हट्ट सोडला. पाणी शुद्ध झाले तरी पुरे.

खाजनशेत

रसायनीताईंशी एका बाबतीत असहमत. यीस्ट इतक्या लवकर बाद करू नका. भाटीवर ते फुकट आहे, गाळात ढिगाने असते आणि पीएच ४ त्याला चालतो. मिथिलीन ब्लू घातले की इलेक्ट्रॉन बाहेर येतात. १९८० च्या दशकात लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये बेनेट्टो यांच्या गटाने मध्यस्थ रंग (पेशीतले इलेक्ट्रॉन बाहेर आणणारे) वापरून असे घट चालवले. शाळेच्या प्रदर्शनासाठी आजही तोच सर्वात खात्रीचा प्रयोग आहे: ७ ग्रॅम कोरडे यीस्ट, १०० मिलिलिटर कोमट पाणी, ५ ग्रॅम साखर, चिमूटभर मिथिलीन ब्लू. अर्ध्या तासात मीटर हलतो.

रसायनी

@खाजनशेत, प्रदर्शनासाठी पूर्ण सहमत. निळा रंग उडून द्रव पांढुरका झाला की मध्यस्थाने इलेक्ट्रॉन घेतले हे मुलांना डोळ्यांनी दिसते, यापेक्षा चांगला धडा नाही.

सांडपाण्याला मात्र नको. प्रत्येक खेपेला रंग पाण्याबरोबर वाहून जातो आणि पुन्हा घालावा लागतो. शुद्ध करायच्या पाण्यात आपणच रंग मिसळायचा हे उलटे काम. दुसरे म्हणजे भाणातले यीस्ट उकळून मेलेले असते, ताजे आणावे लागेल. तिसरे, हवा नसताना यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते आणि बहुतेक इलेक्ट्रॉन त्या अल्कोहोलमध्येच अडकून राहतात. सीओडी फारसा उतरत नाही.

डिचोलीकर

ॲनोड आणि कॅथोडच्या कप्प्यांमधल्या, आयन जाऊ देणाऱ्या पडद्याबद्दल कोणी बोलले नाही अजून. नॅफिऑनचा पडदा महाग, आणि सांडपाण्यात त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. आगरचा मीठपूल (आगरमध्ये मीठ गोठवलेली नळी) स्वस्त, पण अंतर्गत रोध काही हजार ओहम. मधला मार्ग म्हणजे मातीचे मडके. आयआयटी खरगपूरच्या घांगरेकर यांच्या गटाने मडक्याचे घट बरेच अभ्यासले आहेत, ब्रिस्टलला इरोपूलोस यांच्या गटानेही सिरॅमिकचे घट केले.

डिचोलीच्या कुंभारांकडे अर्ध्या-एक लिटरचे बिनचकाकीचे मडके मिळते. घेताना तीन गोष्टी पाहा. भिंत ४ ते ५ मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी असावी. वाजवल्यावर खणखणीत आवाज यावा, बद्द आवाज म्हणजे बारीक तडा. आणि पाणी भरून रात्रभर ठेवल्यावर बाहेरून ओलसर व्हावे पण थेंब पडू नये. थेंब पडला तर दोन्हीकडची पाणी मिसळतील आणि हवा आत जाईल. वापरण्याआधी २४ तास भिजवून ठेवा, कोरड्या भिंतीतून आयन जात नाहीत.

ॲनोड मडक्याच्या आत, तोंड झाकण आणि मेणाने बंद, वायू जायला एक बारीक नळी पाण्यात बुडवलेली. कॅथोड बाहेर.

सत्तरीची वाट

कॅथोडचा फेल्ट (कार्बनच्या तंतूंचे जाड कापड) मडक्याभोवती बाहेरून गुंडाळावा, बादलीत बुडवून ठेवू नये. ३० अंशांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ७.५ मिलिग्रॅमच असतो, आणि सेंद्रिय पदार्थ असले की जिवाणू तो तासाभरात फस्त करतात. फेल्टचा खालचा भाग पाण्यात, वरचा हवेत, असा ओलसर राहिला की बुरशीही खूश. तिला पाण्यात पोहायला आवडत नाही, ओल्या लाकडावर असल्यासारखे राहायला आवडते.

नवा कार्बन फेल्ट पाणी धरत नाही, थेंब वर तरंगतो. ॲसिटोनमध्ये धुऊन मग पाण्यात उकळा. मफल भट्टी असेल तर ४०० ते ४५० अंशांना अर्धा तास. भिजला नाही तर आतला सगळा पृष्ठभाग फुकट.

तारेत कंजूषपणा नको. तांब्याची तार ओल्यात आली की ती स्वतःच गंजून दाब दाखवते आणि लोक बुरशीने वीज दिली म्हणून आनंदतात. टायटॅनियम उत्तम, नाहीतर ३१६ स्टीलची तार. तांब्याचा सांधा पाण्याच्या वर आणि एम-सीलने बंद.

अळमीप्रेमी

रोयण अळमी वापरता येईल का? पावसात रोयणीवर (वाळवीच्या वारुळावर) आपोआप उगवते, तीही बुरशीच.

रसायनी

@अळमीप्रेमी, नको. रोयणीवरची अळमी म्हणजे टर्मिटोमायसिस. ती वाळवीच्या वारुळातल्या बागेत वाळवीच्या सांभाळाने वाढते, प्रयोगशाळेत तिचे पीक घेणे फार अवघड. घटासाठी वारुळे उकरायची वेळ आणू नका, आधीच त्यांच्यावर हात पडतो आहे. ढिंगरीचे बियाणे सहज मिळते आणि ती लॅकेज भरपूर देते.

फेल्टवर ढिंगरी अशी चढवा. २०० ग्रॅम बटाट्याचा अर्क आणि २० ग्रॅम डेक्स्ट्रोज लिटरभर पाण्यात, त्यात १० ग्रॅम गव्हाचा कोंडा. फेल्टसकट प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर अर्धा तास. गार झाल्यावर ताज्या वाढीतून ६ ते ८ मिलिमीटरच्या ५ चकत्या टाका. २८ अंश, अंधार, ७ ते १० दिवस. चौथ्या दिवशी लिटरमागे ३७ मिलिग्रॅम मोरचूद, म्हणजे ०.१५ मिलिमोल. तांबे मिळाले की लॅकेज वाढते. पहिल्याच दिवशी घातले तर वाढ खुंटते.

तुमचे भाण तांब्याचे असेल तर आंबट पाण्यात तांबे उतरलेले असू शकते. ते आधी मोजा, मग मोरचूद घालायचे की नाही ते ठरवा.

लॅकेज आहे की नाही हे ताटलीवर कळते: आगरमध्ये ०.०२ टक्के ग्वायकॉल, भोवती तांबूस-तपकिरी कडे आले म्हणजे आहे. आकडा हवा असेल तर एबीटीएस (लॅकेजने रंगणारे रसायन), पीएच ४.५, ४२० नॅनोमीटर, शोषण गुणांक ३६,०००.

एक काळजी. ढिंगरीचे बीजाणू रोज श्वासात गेले तर फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. छत्र्या उघडण्याआधी काढून टाका, मुखपट्टी लावा.

खाजनशेत

ॲनोडसाठी जिवाणू कुठून आणायचे? माझे मत: खाजनातला (भरतीच्या खाऱ्या पाण्याच्या शेतजमिनीतला) काळा चिखल. हवेविना, जिवाणूंनी भरलेला, हाताशी.

विद्युतमापी

चिखल चालतो, पण खाऱ्या चिखलात सल्फेट असते. सल्फेट खाणारे जिवाणू इलेक्ट्रॉन पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, कुजक्या अंड्यांचा वास येतो. बंद खोलीत तो वायू जीवघेणा आहे आणि जास्त प्रमाणात नाकाला जाणवेनासा होतो. सेप्टिक टाकीचा गाळ किंवा शेणकाला बरा. बऱ्याच पद्धतींत गाळ १०० अंशांना १५ मिनिटे तापवतात, मिथेन करणारे मरावेत म्हणून. ते करावे.

रसायनी

तापवण्याला माझा विरोध. मिथेनवाले मरतात हे खरे, पण जिओबॅक्टरही बीजाणू करत नाही, तोही त्यातच जातो. उरतात ते बीजाणू करणारे किण्वक. त्यापेक्षा गाळ आहे तसा १० ते २० टक्के घ्या, लिटरमागे १ ग्रॅम सोडियम ॲसिटेट, २ ते ३ ग्रॅम खाण्याचा सोडा, पीएच ७, आणि पहिल्या दिवसापासून १००० ओहमचा रोधक जोडलेला ठेवा. मंडल उघडे ठेवून वाट पाहिली तर मिथेनवाल्यांना मोकळे रान मिळते. दोन आठवड्यांत दाब स्थिर झाला की ॲसिटेटच्या जागी भाटीचे पाणी: आधी १० टक्के, मग २५, मग ५०. सीओडी २००० ते ३००० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नका.

विद्युतमापी

जिओबॅक्टरचा मुद्दा बरोबर आहे. तापवलेला आणि न तापवलेला असे दोन घट शेजारी ठेवले तर त्याच गाळापुरते उत्तर मिळेल. माझा आग्रह मागे घेतो.

मांडवीकाठ

कॅथोड आठवड्याभरात का मरतो याची कारणे, जास्त भेटणारे आधी.

पीएच. ऑक्सिजनचे पाणी होताना प्रोटॉन खर्च होतात, मडक्यातून तितक्या वेगाने येत नाहीत, त्यामुळे फेल्टजवळचा पीएच चढतो. ७ च्या पुढे लॅकेज जवळपास झोपते. लोक उपाय म्हणून ५० मिलिमोल सायट्रेट किंवा ॲसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) घालतात. पण ५० मिलिमोल ॲसिटेट म्हणजे लिटरमागे ३.२ ग्रॅम सीओडी, सायट्रेट म्हणजे ७.२ ग्रॅम! शुद्ध करायच्या पाण्यात आपणच दुप्पट घाण ओततो. बफर फक्त चाचणीत. प्रत्यक्ष वापरात भाटीच्या पाण्याची मूळ आंबटच कामाला लावा: दररोज थोडे कच्चे पाणी, पीएच ५ च्या वर गेला की.

क्लोराइड. लॅकेजला ते बाधते. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या विहिरीचे पाणी मिसळायला घेऊ नका. मीठपूल वापरत असाल तर पोटॅशियम क्लोराइडऐवजी पोटॅशियम नायट्रेट.

हिरवा बुरा. ट्रायकोडर्मा आला की ढिंगरी गेली. फेल्टची ती खेप उकळून टाका.

जिवाणू. पीएच ७ च्या खऱ्या मैलापाण्यात बुरशी हरते, जिवाणू तिची विकरे खातात. पणजीतल्या तोंकाच्या मैलापाणी केंद्रात येते तसल्या पाण्यावर बुरशीचा कॅथोड लावायला जाऊ नये. भाटीचे पाणी आंबट आहे म्हणूनच हा खेळ इथे जमू शकतो.

तळवली

+१. आणि एक नियंत्रण तुलना राहू नये. चार घट: जिवंत बुरशीचा, तीच बुरशी १२१ अंशांना २० मिनिटे मारून, नुसता फेल्ट, आणि जिवंत बुरशी पण तार न जोडलेली. तपकिरी रंग तंतूंना नुसता चिकटतो आणि पाणी निवळल्यासारखे दिसते. मेलेल्या बुरशीच्या घटातही रंग उतरला तर ते शोषण, विघटन नव्हे. तंतू मिथेनॉलमध्ये धुऊन पाहा, रंग परत निघाला तर तो फक्त लपला होता.

सत्तरीची वाट

गोव्यातल्याच कामाची आठवण करून देतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार यांनी समुद्री बुरशींवर वर्षानुवर्षे काम केले. कुजणाऱ्या समुद्रगवतावरून मिळालेल्या फ्लेव्होडॉन फ्लेव्हस या श्वेत-कुज बुरशीने मळीच्या आसवनीच्या सांडपाण्याचा रंग उतरतो हे त्यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले. घटात नव्हे, फ्लास्कमध्ये. पण आसवनीच्या पाण्यासाठी बुरशी ही कल्पना इथे नवी नाही, आणि खाऱ्याची सवय असलेली बुरशी मांडवीकाठ यांच्या क्लोराइडच्या अडचणीवरही तपासण्यासारखी आहे.

काजूमळा

सगळ्यांचे देव बरें करूं. माझी मांडणी अशी: कच्चे पाणी आधी कॅथोडच्या बाजूला, बुरशी टॅनिन तोडेल, मग तेच पाणी सोडा घालून ॲनोडला. बरोबर? आणि फेल्टवर बुरशी वाढवण्याइतकी स्वच्छता भाटीवर शक्य नाही, त्याचे काय?

रसायनी

क्रम बरोबर. नेहमीच्या घटांत पाणी आधी ॲनोडला आणि मग कॅथोडला जाते, पण तुमच्याकडे टॅनिन ॲनोडच्या जिवाणूंना दाबते, म्हणून उलटा क्रम योग्य. सगळा सीओडी कॅथोडवर संपवू नका. दोन-तीन दिवस, रंग उतरेपर्यंतच.

स्वच्छतेला वाट आहे. जिवंत बुरशीऐवजी तिचे विकर घ्या. भाताच्या पेंढ्यावर ढिंगरीचे पीक काढून झाल्यावर उरलेल्या गादीत लॅकेज शिल्लक असते. १०० ग्रॅम ओली गादी कुस्करून अर्धा लिटर थंड पाण्यात दोन तास ढवळा, फडक्यातून आणि मग गाळण कागदातून गाळा. फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत वापरा. हा अर्क फेल्टवर ओतत राहायचे. विकर झिजते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी नवा अर्क. पेंढ्याऐवजी काजूच्या बोंडांचा चोथा वापरायचा असेल तर आधी अर्धा-अर्धा मिसळून पाहा, ओला चोथा दाबून बसतो आणि आत हवा राहत नाही.

विद्युतमापी

मडकी वाढवाल तेव्हा एकामागोमाग जोडू नका. एक घट उपाशी राहिला की त्याचा दाब उलटतो आणि बाकीच्यांचे खातो. समांतर जोडा, वर एलटीसी३१०८ सारखे दाब वाढवणारे सर्किट, ते २० मिलिव्होल्टपासून सुरू होते. पीएच किंवा तापमानाची नोंद तासाला एकदा पाठवण्याइतकी ऊर्जा संधारित्रात साठवता येईल.

मांडवीकाठ

ओहोळात सोडायचा विचार असेल तर भूपृष्ठीय जलाशयांसाठी सामान्य मर्यादा लक्षात ठेवा: बीओडी (जिवाणूंना घाण पचवायला लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी २५० मिलिग्रॅम प्रति लिटर, पीएच ५.५ ते ९, आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. मडक्यांतून निघालेले पाणी पहिल्या मोसमात तिथवर पोचेल असे धरू नका. ते पातळ करून पीएच ६.५ च्या वर आणून काजूच्याच आळ्यांत फिरवून द्या, रोज वेगळ्या झाडाला. आणि मोरचूद वापरला असेल तर तांबे मोजल्याशिवाय जमिनीत एक थेंबही नको.

काजूमळा

सहा मडकी घेतो, दोन अर्काची, चार तळवली यांच्या तुलनेसाठी. डिचोलीकर बाब, सारख्या भिंतीची सहा एकाच भट्टीतली मिळतील का?

डिचोलीकर

दहा सांगा. भिजवल्यावर त्यातली दोन-तीन गळतीलच.